जुन्या स्टेशन वॅगनमधले पाणी आणि सिलिकॉनच्या ट्यूबचा सल्ला

पावसाळा तोंडावर आला की पुण्यातल्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. यंदा तो मला तीन ठिकाणांहून आला. त्याचा मजकूर थोडक्यात असा: "जुन्या गाडीत पाणी येत असेल तर गॅरेजवाल्याला पैसे देऊ नका. पाणी जिथे साचते तिथलेच रबर गेलेले असते. खात्री हवी असेल तर वॉशिंग सेंटरवर प्रेशरने पाणी मारून घ्या, पाच मिनिटांत भोक सापडते. हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची ट्यूब आणा आणि सगळ्या कडा बंद करा. पुढे पायाशी पाणी असेल तर ते एसीचे, तिकडे लक्ष देऊ नका. मागे स्टेपनीच्या खड्ड्यात साचत असेल तर तळाचे बूच काढून टाका. गाडी एक दिवस उन्हात उघडी ठेवा, काम झाले."

माझ्याकडे २००६ सालची, दुसऱ्या हाताने घेतलेली डिझेल स्टेशन वॅगन आहे आणि या सल्ल्यांपैकी दोन मी स्वतः पाळून बसलो आहे. त्यामुळे हा प्रतिवाद अगदी तटस्थ आहे, असा माझा दावा नाही.

पाणी साचते तिथलेच रबर गेलेले असते, या पहिल्याच विधानावर बाकीचा सगळा सल्ला उभा आहे आणि तेच सर्वांत कच्चे आहे. पाणी उताराने जाते, आणि गाडीच्या आत त्याला उतार पुष्कळ मिळतात: छताच्या अस्तरामागची पत्र्याची कड, मागच्या खांबातून खाली येणारा वायरींचा जुडगा, सीट बेल्टचा पट्टा, दाराखालच्या उंबऱ्याची पोकळी. स्टेशन वॅगनमध्ये हा प्रवास अधिकच लांबतो, कारण तिचे छत थेट मागच्या दारापर्यंत जाते, त्यावर बहुधा सामान बांधायच्या रेल बसवलेल्या असतात, बाजूला जास्तीच्या काचा असतात, आणि डिकी वेगळी नसून बसायच्या जागेचाच मागे वाढलेला भाग असते. छतावर डाव्या कोपऱ्यात आत शिरलेला थेंब उजवीकडच्या कार्पेटखाली सापडला तरी त्यात आश्चर्य नाही. गाडी कशी उभी आहे यावरही बरेच ठरते. माझी गाडी सहकारनगरात, तळजईच्या बाजूच्या चढाच्या गल्लीत नाक वर करून उभी असते. त्यामुळे कुठूनही शिरलेले पाणी शेवटी मागे स्टेपनीच्या खड्ड्यात येते. हीच गाडी उलट तोंडाने लावली असती तर तेच पाणी पुढच्या सीटखाली सापडले असते आणि संदेशाच्या न्यायाने मी पुढच्या दाराचे रबर बदलून मोकळा झालो असतो.

तसा मी झालोच, फक्त मागच्या बाबतीत. पहिल्या पावसाळ्यात खड्ड्यात चार बोटे पाणी दिसले, म्हणून एका गॅरेजात मागच्या दाराचे संपूर्ण रबर बदलून घेतले. पुढच्या पावसात पुन्हा चार बोटे पाणी. जुने रबर बाद झाले होते का, हे आधी पाहण्याचा साधा उपाय होता: दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचे आणि पट्टी ओढून पाहायची. सगळीकडे ती सारखीच अडकत असेल तर रबर आपले काम करते आहे. दहा मिनिटांची ही तपासणी ना मी केली, ना गॅरेजवाल्याने.

आता प्रेशरने पाणी मारण्याविषयी. वॉशिंग सेंटरच्या पंपाचा झोत पावसाचे पाणी कधीच पोचणार नाही अशा फटींतून आत घुसतो, त्यामुळे निर्दोष जागाही गळकी ठरते. उलट, जी गळती थेंबाथेंबाने, अर्ध्या तासाच्या पावसानंतर सुरू होते, ती पाच मिनिटांच्या झोताला दादच देत नाही. बागेला पाणी घालायचा साधा पाइप, तोंडाशी काही न लावता, नुसता वाहता ठेवावा. सुरुवात खालून करावी: आधी बंपरची पातळी, मग टेल लॅम्प, मग काचेची खालची कड, मग वरची, आणि सर्वांत शेवटी छत. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळ्याच जागा भिजवतो आणि गळती नेमकी कुठली, ते कळत नाही. एकेका पातळीवर दहा-पंधरा मिनिटे थांबावे. आतले प्लास्टिकचे पॅनेल आणि कार्पेट आधीच काढून ठेवावे, आणि आत टॉर्च घेऊन दुसरे माणूस बसलेले असावे. पत्र्याच्या सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरली तर पाण्याची वाट त्यावर रेघेसारखी उमटते.

आमच्याकडे आत बसायचे काम मुलीने केले. बंपर झाला, दिवे झाले, काच झाली, पाऊण तास उलटला आणि आतून नुसती कंटाळल्याची कुरकुर ऐकू येत होती. मी पाइप छताच्या रेलच्या मागच्या पायाशी धरला आणि मिनिटे मोजत राहिलो. नवव्या का दहाव्या मिनिटाला ती ओरडली, "बाबा, आलं! वायरवरून येतंय, डावीकडून!" मी आत डोकावलो. टेल लॅम्पकडे जाणाऱ्या काळ्या वायरीवर एक थेंब सरकत येत होता. वायर जिथे खाली झोल घेते तिथे तो थांबला, फुगला आणि खालच्या कप्प्यात पडला. कप्प्याच्या तळाशी पावडरीत एक बारीक वाट उमटलेली होती आणि ती सरळ स्टेपनीच्या खड्ड्याच्या काठाशी जात होती. रेलचा बोल्ट काढल्यावर खालची रबरी गॅस्केट हातात आली ती दोन तुकड्यांत, वाळलेल्या चिंचेच्या सालीसारखी. मागच्या दाराचे नवे कोरे रबर या जागेपासून हातभर दूर होते आणि त्याचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता.

पाइप धरायला दुसरे माणूस नसेल तर आणखी एक युक्ती आहे. काचा बंद करून ब्लोअर पूर्ण वेगाने, बाहेरची हवा आत घेण्याच्या खटक्यावर लावावा, मागच्या बंपरआडच्या हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा चिकटपट्टीने तात्पुरत्या झाकाव्यात, आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. हवा जिथून निसटते तिथे बुडबुडे येतात. मोठ्या फटी यात चटकन दिसतात, बारीक झिरपा मात्र पाइपानेच सापडतो.

पावसाची जातही काही सांगून जाते. वळवाच्या किंवा परतीच्या धुवाधार सरीतच पाणी येत असेल, तर मी आधी तुंबलेल्या निचऱ्याच्या वाटांकडे पाहीन. दोन दिवसांच्या रिपरिपीत येत असेल आणि सरीत येत नसेल, तर बारीक फटीचा किंवा भेगाळलेल्या सीलंटचा, म्हणजे सांधे बंद करणाऱ्या लेपाचा, संशय धरीन. गाडी रस्त्यावर धावल्यावरच मागे ओल दिसत असेल, तर चाकांनी उडवलेले पाणी कुठून घुसते ते पाहावे. आणि पाऊस नसतानाही मागे ओल असेल, तर मागच्या वायपरला पाणी नेणारा बारीक पाइप आठवावा. बोनेटपासून मागच्या दारापर्यंत जाणाऱ्या या पाइपाचा एखादा जोड निसटला तर प्रत्येक वेळी काच धुताना पाणी गाडीच्या आतच सुटते.

संदेशाचा सर्वांत घातक भाग सिलिकॉनचा आहे. त्यातही "सगळ्या कडा" या दोन शब्दांचा. गाडीच्या सगळ्या कडा बंद करायच्या नसतातच. दाराच्या काचेच्या फटीतून पावसाचे पाणी दाराच्या पोकळीत जाते, हा बिघाड नसून दाराची रचनाच तशी असते. आतल्या पॅडमागे चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा ते पाणी बसायच्या बाजूला येऊ देत नाही, आणि दाराच्या खालच्या कडेची भोके ते बाहेर सोडतात. ही भोके सिलिकॉनने बुजवली की दारात पाणी साठते, वळणावर ते डुचमळल्याचा आवाज येतो, आणि दार आतून गंजू लागते. पडदा फाटला असेल किंवा सुटला असेल, तर ब्यूटाइल टेपने, म्हणजे चिकट रबरी पट्टीने, तो पुन्हा चिकटवणे हा खरा उपाय. बंपरआडच्या झडपांचेही तेच. त्या बुजवल्या की दार लावायला जोर लागतो आणि पावसात काचांवर वाफ धरते.

शिवाय हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे स्वस्त सिलिकॉन बहुतेक वेळा व्हिनेगरसारख्या वासाचे असते. सुकताना त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटते आणि उघड्या पत्र्याला ते गंज चढवते. त्यावर रंग धरत नाही, आणि एकदा ते लागले की त्याच जागी पुढे लावलेले योग्य सीलंटही नीट चिकटत नाही. पत्र्याच्या सांध्यांसाठी पॉलियुरेथेनचे सीम सीलंट, पुढच्या काचेसाठी काच बसवणारे वापरतात ते युरेथेन, दिव्यांसाठी गॅस्केट किंवा ब्यूटाइल, अशा या जागा ठरलेल्या आहेत. आणि शोध लागण्याआधीच सगळीकडे लेप दिला तर गळतीचे तोंड तसेच राहते, फक्त पाण्याच्या खुणा नाहीशा होतात. मग कसलेला मेकॅनिकही काय शोधणार?

एसीच्या बाबतीत संदेशात अर्धे तथ्य आहे, हे मान्य करायला हवे. कूलिंग कॉइलवर जमलेले पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली तर ते पुढच्या पायाशी येते, आणि हे वारंवार घडते. पण "लक्ष देऊ नका" हा त्यावरचा उपाय नव्हे, नळी साफ करणे हा आहे. आणि दर वेळी ते पाणी एसीचेच असेल असेही नाही. एसी आठवडाभर बंद ठेवूनही पावसानंतर ओल येत असेल, तर वायपरखालच्या जाळीकडे वळावे. पुण्यातल्या जुन्या वस्त्यांमधून गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष यांची सावली सगळ्यांनाच हवी असते, पण त्यांचा बारीक पाचोळा जाळीतून आत जातो, खालच्या निचऱ्याच्या भोकाशी त्याचा लगदा होतो, आणि साचलेले पाणी ब्लोअरच्या वाटेने आत उतरते. माझ्या गाडीत ही दुसरी गळतीही होती. काळ्या चिखलासारखा दोन मुठी लगदा निघाला आणि पुढची ओल त्याच दिवशी थांबली. ओल चिकट, रंगीत आणि गोडसर वासाची असेल, ब्लोअर लावल्यावर काचेवर तेलकट थर येत असेल आणि कुलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी घटत असेल, तर मात्र ते पाणी नसून हीटर कोरमधून, म्हणजे गाडीत गरम हवा देणाऱ्या भागातून, गळणारे कुलंट आहे. तिथे दुर्लक्ष केले तर इंजिन तापण्यापर्यंत वेळ येते.

बूच काढून टाकण्याविषयी फार लिहायला नको. ज्या भोकातून पाणी खाली जाते त्यातूनच धूळ, चिखलाचे शिंतोडे आणि धुराड्याचा धूर वर येऊ शकतो, आणि वॅगनमध्ये डिकी व प्रवासी यांच्यात भिंत नसते. साचलेले पाणी सोडण्यासाठी बूच काढावे आणि लगेच परत लावावे.

एक दिवसाच्या उन्हाचा हिशेब मात्र करून पाहण्यासारखा आहे. कार्पेटखाली फोमचा किंवा नमद्याचा थर असतो. एक चौरस मीटरचा, दोन सेंटिमीटर जाडीचा थर धरला तर त्याचे आकारमान २० लिटर होते. त्याचा पाव भाग जरी भिजला तरी ५ लिटर पाणी तिथे धरून ठेवलेले असते. वरचे कार्पेट दुपारपर्यंत कोरडे लागते, खालचा थर श्रावणातल्या हवेत आठवडाभरही ओलाच राहतो, आणि कुबट वास हटत नाही. कार्पेटखालून जाणाऱ्या वायरींच्या जोडांवर हिरवी बुरशीसारखी पूड धरते आणि मग दिवे, खिडक्या, सेंट्रल लॉक यांच्या तक्रारी एकामागोमाग सुरू होतात. सीट खोलून, कार्पेट उचलून, खाली ठोकळे देऊन वारा खेळता ठेवल्याशिवाय हे वाळत नाही.

आपल्याकडे स्टेशन वॅगन फारशा चालल्या नाहीत. टाटा इस्टेट, बलेनो अल्तुरा, इंडिगो मरीना, ऑक्टाव्हिया कॉम्बी अशी मोजकीच नावे आठवतात. माझी गाडी कोणती हे इथे अप्रस्तुत आहे, वीस वर्षांनी रबर कोणाचेही वाळते. पण गाड्याच थोड्या असल्यामुळे रेलची गॅस्केट कुठेच मिळाली नाही. नाना पेठेतल्या एका दुकानातून ३ मिलिमीटर जाडीची निओप्रीनची पट्टी आणली, जुन्या तुकड्यांवर ठेवून कापली, बोल्टाभोवती ब्यूटाइल लावले आणि चारही पाय पुन्हा बसवले. खड्ड्यात वर्तमानपत्राचा कागद अंथरून ठेवला आहे. तीन मोठे पाऊस झाले, कागद कोरडा आहे. पहिल्या वर्षी या संदेशाचे ऐकून टेल लॅम्पभोवती मीच भरलेले सिलिकॉन मात्र अजून निघालेले नाही. रविवारी थोडे थोडे करून प्लास्टिकच्या पट्टीने खरवडतो आहे, डावीकडचा दिवा अर्धा झाला आहे.