चाळिशीनंतरची बढती आणि ‘कलम 16’चा फॉरवर्ड

‘चाळिशी ओलांडली म्हणून बढती नाकारली? हा कलम 16 चा भंग आहे. थेट लेबर कोर्टात जा. अमेरिकन कंपनी असेल तर तिथला कायदाही लागू होतो. ज्युनियरला पद मिळालं, एवढा पुरावा पुरे.’ ऑफिसच्या ग्रुपांवर फिरणाऱ्या या संदेशातली चीड रास्त आहे. पत्ते मात्र सगळे चुकलेत.

राज्यघटनेचं कलम 16 सरकारी नोकरीपुरतं. भेदभावाच्या कारणांत त्यात धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास आहे, वय नाही. सरकारी कर्मचाऱ्यालाही बढतीसाठी विचार होण्याचा हक्क आहे, बढतीचा नाही (अजितसिंग खटला, 1999). राज्य कर्मचाऱ्याने जायचं ते मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण), अंतिम आदेशापासून वर्षाच्या आत. खासगी नोकरीत वयाच्या भेदभावाविरुद्ध स्वतंत्र कायदाच आपल्याकडे नाही.

आता लेबर कोर्ट. महाराष्ट्रात हाताशी असलेली वाट म्हणजे अनुचित कामगार प्रथांचा 1971 चा कायदा. त्याच्या अनुसूची 4 मधली बाब 5 गुणवत्ता न पाहता ठरावीक कामगारांना झुकतं माप देण्याबद्दल आहे. पण लेबर कोर्ट त्या अनुसूचीतली फक्त बाब 1, म्हणजे कामावरून काढण्याच्या तक्रारी ऐकतं. बाब 5 ची तक्रार औद्योगिक न्यायालयात, आणि तीही 90 दिवसांत! उशीर माफ होऊ शकतो, पण सबळ कारण दाखवावं लागतं. एचआरच्या ‘बघतो’वर विसंबून तीन महिने सहज निघून जातात. शिवाय तुम्ही ‘कामगार’ असायला हवं. व्यवस्थापकीय काम करणारे बाहेर; पर्यवेक्षकाला महिन्याच्या पगाराची मर्यादा, जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात 10,000 आणि 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत 18,000 रुपये. मात्र व्हिजिटिंग कार्डावर ‘मॅनेजर’ छापलंय म्हणून लगेच हात टेकू नका. न्यायालय पदनाम नाही, रोजचं मुख्य काम पाहतं.

नोकरीतल्या वयाच्या भेदभावाविरुद्धचा अमेरिकेचा 1967 चा कायदा देशाबाहेर फक्त अमेरिकी नागरिकांना संरक्षण देतो. हिंजवडीतल्या भारतीय नागरिकाला नाही. न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला देतो, पण वय किमान 40, कंपनीत किमान 20 कर्मचारी आणि ईईओसीकडे (तिथला समान रोजगार संधी आयोग) 300 दिवसांत तक्रार, या अटींवर. (काही राज्यांत 180 दिवसच.) तिथेही खासगी नोकरीत वय हे अनेक कारणांपैकी एक होतं, इतकं 2009 पासून पुरत नाही. वय आड आलं नसतं तर बढती मिळाली असती, हे सिद्ध करावं लागतं.

राहिला ज्युनियरचा मुद्दा. निवडीचं पद असेल तर सेवाज्येष्ठता एकटी चालत नाही. पदाचे जाहीर निकष, मागच्या तीन-चार वर्षांची रेटिंग, दोन-तीन फेऱ्यांत कोणाला बढती मिळाली त्याची यादी आणि नकाराचं लेखी कारण, हे एकत्र ठेवल्यावर चित्र दिसतं. ‘यंग टीम हवी’ असं तोंडी ऐकलं असेल तर त्याच दिवशी तारखेसह मेल टाकून खुलासा मागा. राजीनामा आधी देऊ नका. आणि पुराव्यासाठी कंपनीच्या फायली खासगी जीमेलवर पाठवू नका. गोपनीयतेच्या भंगाची चार्जशीट आली की बढतीचा वाद बाजूला पडून नोकरी वाचवण्याचा वाद सुरू होतो.