नाक 'निर्जंतुक' करायला निघालेल्यांसाठी

थंडी पडली, साखर कारखाने सुरू झाले की सांगली-मिरजेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो: नाकाघशात जंतू साठतात म्हणून सर्दी-न्यूमोनिया होतो, रोज हळद-मिठाच्या पाण्याने नाक धुऊन ते सगळे मारा, घसा खवखवला की दोन दिवस अँटिबायोटिक घ्या.

मुळातच गफलत आहे. ठणठणीत माणसाच्या नाकातही जंतू असतातच, आणि त्यांतले काही आपल्या बाजूचे असतात. २०१६ साली जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या संशोधकांना दिसलं, की नाकातला स्टॅफिलोकॉकस लुग्डुनेन्सिस हा जंतू 'लुग्डुनिन' नावाचं रसायन तयार करतो आणि त्याने स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा दुसरा जंतू मरतो. ऑरियस म्हणजे गळवापासून न्यूमोनियापर्यंत काहीही करू शकणारा. त्यांनी दवाखान्यातल्या १८७ रुग्णांची नाकं तपासली. लुग्डुनेन्सिस नसलेल्यांपैकी ३४.७ टक्के जणांकडे ऑरियस निघाला, असलेल्यांपैकी अवघ्या ५.९ टक्के जणांकडे. नाकातल्याच आणखी एका जंतूची, कोरायनेबॅक्टेरियम अ‍ॅकोलेन्सची तऱ्हा निराळी: तो स्निग्ध पदार्थ फोडून त्यांतली आम्लं मोकळी करतो, आणि प्रयोगशाळेत त्या आम्लांनी न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकॉकस जंतूची वाढ रोखली जाते.

आता अँटिबायोटिक. सर्दी बहुतेक वेळा विषाणूंची असते; अ‍ॅझिथ्रोमायसिन त्यांना काही करत नाही. मार बसतो तो वर सांगितलेल्या, आपल्या बाजूच्या जंतूंना. रान मोकळं पडलं की आधी तणच माजतं. डॉक्टरांनी न्यूमोनियासाठी लिहून दिलेला कोर्स ही वेगळी गोष्ट. तो सांगितल्याप्रमाणे पुरा करायचा. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या मात्र नकोत.

हळदीच्या पेठेत राहून हळदीविरुद्ध बोलणं अवघड! पण २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं ते नाकात घालण्यासाठी नव्हे. तिच्यातला मुख्य घटक करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. दुधातून खुशाल घ्या.

जलनेतीला माझा विरोध नाही, फक्त पाणी उकळून गार केलेलं हवं. अमेरिकेत लुइझियानात २०११ मध्ये नळाच्या पाण्याने नेती करणारे दोघे नेग्लेरिया अमीबाच्या मेंदूसंसर्गाने दगावले. मेसेजमध्ये उकळण्याचा उल्लेखही नाही.

'मग चांगल्या जंतूंचा स्प्रेच मारू का?' असं कुणी विचारेलच. तर लुग्डुनेन्सिस रक्तात शिरला तर हृदयाच्या झडपांनाही संसर्ग करतो. नाकात आपसूक राहतोय तोवर राहू द्या.