ठिपका गेला का नाही, आणि पडदा उलटा का

'अंधेरीकर', नमस्कार.

तुमच्या तीन तक्रारी. अंधबिंदूचा, म्हणजे डोळ्याच्या पडद्यावर जिथे काहीच दिसत नाही त्या जागेचा, प्रयोग (एका डोळ्याने फुलीकडे पाहत राहिलं की बाजूचा ठिपका गायब होतो) तुम्ही विरार लोकलमध्ये मोबाईलवर केलात आणि ठिपका गेलाच नाही. दुसरी, डोळ्याचा पडदा उलटा आहे, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पेशींची तोंडं मागे आणि चेतातंतू पुढे, तर पन्नासेक कोटी वर्षांत उत्क्रांतीने तो सरळ का केला नाही? तिसरी, उत्क्रांतीच्या वाटेवरच्या अर्धवट डोळ्याचा उपयोग काय?

तिसरी आधी उरकतो. अर्धवट डोळा म्हणजे अर्धा कापलेला डोळा नव्हे. प्लॅनेरिया या चपट्या कृमीला नुसत्या वाटीसारख्या डोळ्याने उजेड कुठून येतोय एवढं कळतं, आणि तेवढ्यावर तो सावली गाठतो. निल्सन आणि पेल्गर या संशोधकांनी १९९४ साली सपाट थरापासून भिंगाच्या डोळ्यापर्यंतचा रस्ता एकेक टक्क्याच्या फरकाने मोजला. पायऱ्या १,८२९ आणि सावध हिशेबानेही पिढ्या चार लाखांच्या आत.

आता प्रयोग. अंधबिंदू नजरेच्या मध्यापासून कानाच्या बाजूला सुमारे १५ अंशांवर असतो. म्हणून फुली आणि ठिपका यांच्यात जितकं अंतर, त्याच्या पावणेचारपट लांब चित्र धरावं लागतं. उभ्या मोबाईलवर ते अंतर आक्रसून ४ सेंमी झालं, तर फोन डोळ्यापासून १५ सेंमीवर हवा. लोकलमध्ये इतक्या जवळ कोण धरतो? चाळिशी लागलेल्याला तर तिथे सगळं धूसरच दिसणार. त्यापेक्षा ए-फोर कागद आडवा घ्या. डावीकडे फुली, तिच्या उजवीकडे ८ सेंमीवर १ सेंमीचा काळा ठिपका. डावा डोळा तळहाताने झाका, मिटू नका. मिटताना दुसराही बारीक होतो. उजव्या डोळ्याने फुलीकडेच पाहत कागद हळूहळू जवळ आणा. ३० सेंमीच्या आसपास ठिपका जातो. नजर ठिपक्याकडे घसरली की प्रयोग फसला. डाव्या डोळ्याने करायचं तर ठिपका फुलीच्या डावीकडे हवा. बरेच जण इथेच चुकतात.

ठिपक्याच्या जागी काळं भोक दिसत नाही, कोरा कागद दिसतो. आता ठिपक्यातून आरपार आडवी रेघ ओढा आणि पुन्हा पाहा: रेघ सलग दिसेल. पौर्णिमेचे दहा चंद्र ओळीने मावतील एवढी ही मोकळी जागा मेंदू आजूबाजूच्या मजकुराने भरून टाकतो. दोन्ही डोळे उघडे असले तर तेवढीही गरज नाही, एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

पडदा उलटा होतो तो गर्भातल्या घडणीमुळे. मेंदूच्या भिंतीतून एक फुगा बाहेर येतो आणि आत दबून त्याचा दुपदरी पेला होतो. त्यात प्रकाशग्राही पेशींची तोंडं मागे जातात आणि चेतातंतू पुढे येतात. मग त्या दहा-बारा लाख तंतूंना बाहेर पडायला पडद्यातूनच वाट काढावी लागते; ती जागा म्हणजेच अंधबिंदू. ससून डॉकवर मिळणाऱ्या माकुलाचा (स्क्विडचा) डोळा कातडीपासून घडतो, त्याला अंधबिंदू नाही.

मग आपलाही तसा का नाही? कारण उत्क्रांतीला मेगाब्लॉक मिळत नाही. दुरुस्ती चालू असतानाही प्रत्येक पिढीला दिसायलाच हवं. पडदा पलटताना मधल्या पिढ्यांची नजर आधीच्यांहून वाईट झाली, तर तो बदल पुढे टिकत नाही.

शिवाय 'उलटा' म्हणजे निव्वळ चूक, हे मला पटत नाही. प्रकाशग्राही पेशी रोज आपल्या टोकाचा साधारण दहावा भाग टाकून देतात. मागचा रंगद्रव्याचा थर तो कचरा गिळतो, त्यामागचं रक्तवाहिन्यांचं जाळं ऑक्सिजन पुरवतं. तोंडं मागे आहेत म्हणून हे जमतं.

किंमत मात्र आहे. पेल्याचे ते दोन पदर एकमेकांना पक्के चिकटलेले नसतात. पडदा फाटला की फटीतून पाणी शिरतं आणि पडदा सुटतो. मोठा मायनस नंबर असलेल्यांचा डोळा लांबट, पडदा ताणलेला, म्हणून त्यांना धोका जास्त. अचानक विजेसारखे झोत, काळ्या ठिपक्यांचा पाऊस किंवा एका बाजूने सावली सरकताना दिसली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. दुखत नाही म्हणून सोमवारच्या ओपीडीची वाट पाहू नका.