टॅग बंद करा ओ!

सोलापुरी चादरीच्या जीआय टॅगची (भौगोलिक मानांकनाची) आठवण दर दहा वर्षांनी, नूतनीकरणाच्या वेळी आली तरी भागतं. एचटीएमएलच्या, म्हणजे वेबपान ज्या खुणांनी लिहितात त्या भाषेच्या, टॅगची दहा अक्षरांच्या आत यावी लागते. दरपत्रकात 'नवीन' एवढाच शब्द ठळक करायचा असतो. ठळक करणारा बी टॅग <b> असा उघडतो, </b> असा बंद करताना तिरकी रेघ राहते, आणि मग खालच्या प्रत्येक परिच्छेदात टॉवेल ठळक, नॅपकिन ठळक, 'उधारी बंद' ठळक. (हे शेवटचं तसं बरंच दिसतं.)

दोष ब्राउझरच्या भिडस्तपणाचा. चूक दिसली तरी तोंडावर बोलत नाही, अंदाजाने सावरून घेतो. १९९८ चं एक्सएमएल, हीसुद्धा टॅगांचीच भाषा, पण उलट्या स्वभावाची: एक टॅग चुकला की तिथेच बसकण. मला हे खडूसच बरं वाटतं. निदान कुठल्या ओळीवर अडलं ते सांगतं. म्हणून माझा नेम असा, की उघडणारा आणि बंद होणारा टॅग आधी जोडीनं लिहायचा, मजकूर नंतर मध्ये भरायचा. एकात एक टॅग असतील तर चादरीच्या घडीचा नियम: शेवटची घडी आधी उलगडते.

मार्कडाउन, २००४ चं, टॅगांऐवजी साध्या चिन्हांनी लिहायचं, गरीब गाय वाटतं. पण मराठी माणसासाठी त्यात एक खास खड्डा आहे. '१. चादर' आणि खालच्या ओळीवर '२. टॉवेल' लिहा, यादी होतच नाही, '१. चादर २. टॉवेल' असं एकाच ओळीत चिकटून येतं. यादीचा आकडा म्हणून त्याला फक्त इंग्रजी अंक कळतात. तेव्हा लिहिताना इंग्रजी अंक घालायचे आणि पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये लिस्ट-स्टाइल-टाइपला 'देवनागरी' सांगायचं, की पानावर १, २ उमटतात. मराठी दिसावं म्हणून इंग्रजी लिहायचं! घरात तेलुगू, दुकानात मराठी आणि गिऱ्हाइकाशी कन्नड बोलणाऱ्या गावाला यात नवल कसलं?

वर्डमधून उचललेल्या मजकुरातली वाकडी अवतरणचिन्हं मात्र घातकी. लिंकच्या पत्त्याभोवती ती राहिली, तर ब्राउझर त्यांना पत्त्याचाच भाग समजतो आणि लिंक भलतीकडे जाते. ती सरळ करूनच घ्यावीत.

आणि यूटीएफ-८ ची ओळ, म्हणजे अक्षरं कुठल्या संकेतात साठवली ते ब्राउझरला सांगणारी, पानाच्या पहिल्या १०२४ बाइटांतच हवी, म्हणजे वरचा हेड टॅग उघडल्या उघडल्या. ती विसरली, तर 'शेंगाचटणी'च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ घेतलेल्या इंग्रजी ए-ची रांग उभी राहते. बी टॅगमधून राहिलेली रेघ बहुधा हीच.