हजान कुठून आणायचा?

रायगडातल्या आपल्या मशिदींचं पुढे काय करायचं, हा वाद हल्ली दर सणाला निघतो. (बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, नसलेल्या वाचकांसाठी: आमच्या घरांत सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराला, मशीदच म्हणतात.) अलिबागची मागेन आबोथ घ्या, पेणची घ्या, रेवदंड्याची घ्या. दरफाळणीच्या सणाला, म्हणजे योम किप्पूरला, मुंबई-ठाण्याहून माणसं येतात आणि बाकं भरतात. एरवी शनिवारी दहा पुरुष जमले तर नशीब. दहा नाहीत म्हणजे मिन्यान (प्रार्थनेला लागणारा दहांचा गट) नाही, आणि मिन्यान नाही म्हणजे सेफेर तोरा, धर्मग्रंथाची गुंडाळी, कपाटातून बाहेर काढायची नाही, मृतांसाठीचं कद्दिशही म्हणायचं नाही. मग जे चारपाच जण आलेले असतात, ते पायरीवर गप्पा मारून घरी जातात.

यावर तीन गट पडलेत. एकांचं म्हणणं, इस्रायलहून रब्बाय, म्हणजे शिकलेला धर्मगुरू, आणा, पगारी ठेवा, तो सगळं मार्गी लावील. दुसरे म्हणतात, बायकांना मिन्यानमध्ये मोजा, प्रश्नच मिटला. तिसऱ्यांना वाटतं, आता इमारती नीट करून लोकांना बघायला ठेवाव्यात. काळा घोड्याची १८८४ सालची केनेसेथ एलियाहू २०१९ मध्ये किती देखणी करून घेतली, मग आपल्या का नकोत? तिसऱ्यांशी माझं भांडण नाही. पण छप्पर गळायचं थांबलं म्हणून खाली बसायला माणूस येतो असं नाही.

मी जन्माने ठाण्याची. लग्नानंतर इस्रायलमध्ये अश्दोदला आले. इथे मिन्यानची ददात नाही. गल्लोगल्ली सिनेगॉग आहेत, शहराच्या रब्बायला सरकारी पगार आहे. तेव्हा पहिल्या गटाचं स्वप्न मी रोज जगते म्हणायला हरकत नाही, आणि म्हणूनच ते मला पटत नाही.

आमच्या इथल्या भारतीय सिनेगॉगमध्ये शुक्रवारी संध्याकाळी बायकांच्या बाजूने मला सगळं दिसतं. हजान, म्हणजे प्रार्थना गाऊन चालवणारे, म्हातारे, मूळचे कोकणातले. ते आपल्या चालीत सुरू करतात, आणि पुढच्या बाकावरची पोरं दुसऱ्याच ओळीपासून चाल ओढून जेरुसलेमच्या वळणावर नेतात. पोरांचा दोष नाही, शाळेत तीच शिकवतात. एकदा तर नातवाने आजोबांना मधेच थांबवलं आणि "असं नाही, सबा (आजोबा), असं" म्हणून गाऊन दाखवलं. आजोबांनी ऐकून घेतलं. माणसं दहाच्या ठिकाणी दोनशे आहेत, पण आपली चाल चुकीची धरली जाते. पगारी रब्बाय येईल तो हीच चाल घेऊन येईल. मलिद्याच्या, म्हणजे आपल्या नवसाच्या नैवेद्याच्या, ताटाकडे, त्यातल्या भिजवलेल्या पोह्यांकडे, ओल्या खोबऱ्याकडे आणि पाच फळांकडे बघून आधी "हे कुठल्या ग्रंथात सांगितलंय?" असं विचारील. मग एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलिया पैगंबराचा, नवस फेडायलाही परवानगी काढावी लागेल.

बाहेरचा माणूस नकोच, असं मात्र मी म्हणत नाही. आपली परंपरा काय सांगते? नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात जोडप्यांच्या वंशजांना, तेल गाळून पोट भरणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या शनवार तेल्यांना, धर्म पुन्हा शिकवला तो बाहेरून आलेल्या दावीद रहाबीने. बायकांपुढे मासे ठेवले, त्यांनी खवल्यांचे, ज्यूंना चालणारे, तेवढे निवडले, तेव्हा त्याची खात्री पटली, ही गोष्ट आपल्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. गोष्टीचा पुढचा भाग मात्र आपण भरभर उरकतो. रहाबी स्वतः गादीवर बसला नाही. त्याने इथलेच तीन तरुण तयार केले आणि झिराडकर, राजपूरकर, शापूरकर या घराण्यांकडे काजीपण, म्हणजे धर्मविधी करायचं आणि तंटे सोडवायचं काम, आलं. ते गावोगाव फिरले. पुढे मुंबईत जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं. हेतू उघड धर्मांतराचा होता. आपल्या लोकांनी हिब्रू उचललं आणि बहुतेकांनी धर्म आपलाच ठेवला. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत पहिली मशीद बांधली तेव्हाही आपल्यात रब्बाय नव्हता. समाजाचा प्रमुख मुकादम होता, हजान होता, काजी होता, आणि सगळे आपापला धंदा सांभाळून होते.

आता दुसरा गट. मी बाई आहे, तेव्हा माझं उत्तर तयारच असणार असं वाटेल. १९२५ मध्ये डॉ. जेरुशा झिराड यांनी लंडनमधला उदारमतवादी ज्यू धर्म पाहून येऊन मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन काढली. शंभर वर्षं झाली. तिथे बायका मागे बसल्या नाहीत, याचा मला अभिमान आहे. पण माणसं तिथूनही विमानात बसली आणि इकडे आली. मिन्यानमध्ये मोजल्याने मी थांबले असते का? खरं सांगायचं तर नाही. नोकरी, भाऊबंद, मुलांची लग्नं, या कारणांनी आम्ही आलो.

शिवाय एक अडचण आहे, ती तिथून दिसत नाही. इथे लग्न रब्बिनेटच्या, म्हणजे रब्बायांच्या सरकारी संस्थेच्या, हातात असतं, आणि ज्यूपण सिद्ध करताना तुमच्या मशिदीचं पत्र आणि आईबापांची कतुबा (लग्नाचा करार) काढून दाखवावी लागते. १९६२ मध्ये रब्बिनेटने बेने इस्रायलींच्या लग्नाआधी पिढ्या तपासायचा हुकूम काढला होता. जेरुसलेमला धरणं धरून बसावं लागलं, तेव्हा कुठे ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने, इथल्या संसदेने, आपण सर्व बाबतींत ज्यू आहोत असं जाहीर केलं. ज्यांच्या घरात तो हुकूम सोसलेले आहेत, ते "रब्बिनेट काय म्हणेल?" असं विचारतात, तेव्हा त्यांना भित्रे म्हणू नये. उद्या अलिबागच्या मशिदीचं पत्र इथल्या टेबलावर अडलं तर भोगणार ती तुमची लेक.

मग बायकांनी वाट बघत बसायचं? मुळीच नाही. दहा जण लागतात ते कद्दिशला, तोरा वाचनाला, केदुशा या प्रार्थनेला. स्तोत्रांना लागत नाहीत, शमा या प्रार्थनेला लागत नाहीत, शब्बाथच्या स्वागताच्या गाण्यांना लागत नाहीत, एलियाहू हन्नाबीच्या गाण्याला तर नाहीच नाही. चार जण आले तर चार जणांनी बसावं, त्यातली ज्या बाईला चाल येते तिने म्हणावं, आणि दहावा आला की कपाट उघडावं. यात मिन्यानचा नियम मोडत नाही, कुठलंही पत्र अडत नाही. अडतो तो फक्त पायरीवरच्या गप्पांचा तास.

आणि हजान गावातलाच तयार करा. रिक्षा चालवणारा असो, बँकेतला असो, बारावीची मुलगी असो. रब्बिनेटसाठी ती हजान होणार नाही, पण पुढच्या मुलांना चाल शिकवायला तिला कोण अडवतंय? इथले म्हातारे हजान अजून हिंडते-फिरते आहेत. त्यांतला एखादा सुट्टीत दोन महिने अलिबागला राहील, शिकवील आणि परत येईल. रहाबीने याहून वेगळं काय केलं होतं?

अलिबागचा माझा आतेभाऊ यावर म्हणतो, "तायडे, तिकडे बसून सल्ले द्यायला काय जातं?" बरोबर आहे त्याचं. म्हणून आमच्या सिनेगॉगच्या कमिटीपुढे मी विषय काढला आहे, विमानाचं भाडं आम्ही इथले काढू. राहण्याजेवणाचं अलिबागकरांनी बघायचं, आणि म्हाताऱ्यांना तिखट चालत नाही.