नंबर बदलला, फ्रेम कशाला बदलायची?

चष्मा वापरणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. पुढच्या वेळी नंबर बदलला की आधी फ्रेम धडधाकट आहे का ते बघा. असेल तर तीच ठेवा आणि फक्त काचा बदलून घ्या.

माझी लेक नववीत आहे. पाचवीत चष्मा लागला, तेव्हापासून नंबर दरवर्षी वाढतोय आणि दरवर्षी आम्ही मुकाट्याने नवी फ्रेम घेत आलो. परवा खण आवरताना तिच्या चार जुन्या फ्रेम निघाल्या. एकीची काडी निखळलेली, बाकी तीन चांगल्या. एकीच्या नाकाच्या पॅडवर हिरवट पुटं चढली होती, एवढंच. आम्ही पुण्यात राहतो, आमच्याकडे ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई कचरा न्यायला येतात. त्यांना विचारलं, हे भंगारात जाईल का? त्यांनी एक फ्रेम हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. “ह्याला कोण घेतंय ताई? तार, प्लास्टिक, स्क्रू, सगळं एकात एक. सुटं करेपर्यंत दिवस जायचा, आणि वजन तर काहीच नाही.”

त्यांचं बोलणं डोक्यातून जाईना. म्हणून या वर्षीचा नंबर काढल्यावर त्या जुन्या फ्रेम घेऊनच एका मोठ्या दुकानात गेले. तिथे ऐकायला मिळालं, “जुनी फ्रेम आहे, काच बसवताना तुटली तर आमची जबाबदारी नाही.” आणि पुढच्याच वाक्याला एकावर एक फुकटची ऑफर. मला फार राग आला. एक चष्मा पुरत असताना दोन घ्यायला लावायचे, आणि आहे त्याला हात लावायचा नाही!

मग पेठेतल्या एका जुन्या चष्मेवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी आधी काडीच्या आतल्या बाजूचे बारीक आकडे वाचले. 48, 18, 135. काचेची रुंदी, दोन काचांमधलं नाकावरचं अंतर आणि काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. इतकी वर्षं ते आकडे डोळ्यांसमोर होते, पण मी कधी वाचले नव्हते. पाचवीतली फ्रेम आता तिला लहान होते, ती बाजूला ठेवली. सातवीतली मात्र छान बसली. काकांनी फ्रेम गरम हवेवर धरली, काडी कानामागे बोटाने हलकेच वळवली, पॅड नवे लावले, मिजागरीचा स्क्रू बदलला. पाच-सात मिनिटांचं काम.

काच घासायचं मशीनही त्यांनी दाखवलं. काच येते ती गोल चकती, आणि फ्रेमच्या आकाराला घासल्यावर उरलेला सगळा भाग भुकटी होऊन पाण्याबरोबर वाहतो. मशीनखालच्या टबात पांढरा चिखल साचला होता. आपण ‘काच’ म्हणतो, पण हल्ली ते बहुतेक प्लास्टिकच असतं. त्यातलं सीआर-39 तर एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळवता येत नाही. म्हणजे नंबर बदलला की काचेचा हा कचरा होणारच, तो आपल्याला टाळता येत नाही. फ्रेमचा टाळता येतो. म्हणूनच माझा एवढा आग्रह आहे.

नवी घ्यायचीच वेळ आली तर? ‘इको’ हा शब्द बघून भुलू नका. अ‍ॅसिटेट, म्हणजे फ्रेमसाठी वापरलं जाणारं एक प्लास्टिक, लाकडाच्या किंवा कापसाच्या सेल्युलोजपासून होतं हे खरं, पण ते कुठल्याही साध्या अ‍ॅसिटेट फ्रेमलाही लागू आहे. फरक पडतो तो त्यात मिसळलेल्या, लवचीकपणा देणाऱ्या रसायनाने. ते वनस्पतीजन्य आहे का, हे विचारा. शिवाय ही फ्रेम शीटमधून कापून काढतात, त्यात अर्ध्याहून जास्त शीटचा चुरा होतो. पण अ‍ॅसिटेटचा एक मोठा गुण आहे. गरम करून ते वळवता येतं आणि पांढुरकं पडलं तर पॉलिश करून पुन्हा चकाकतं. बांबूच्या किंवा लाकडाच्या फ्रेम दिसायला सुंदर असतात, पण काडी कानाप्रमाणे वळवता येत नाही. नाकावरून घसरणारा चष्मा महिन्याभरात खणात जातो. माझी पसंती साध्या स्टीलच्या फ्रेमला, जिचे स्क्रू आणि पॅड कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात.

गॉगल हवा असेल तर मात्र एक नाव आवर्जून सांगेन. पुण्यातल्या अनिश मलपाणी यांच्या ‘अशाया’ कंपनीने 2023 मध्ये चिप्सच्या रिकाम्या पाकिटांपासून केलेले ‘विदाउट’ नावाचे गॉगल आणले. या पाकिटांत प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटलेले असतात, म्हणून भंगारवाला त्यांना हात लावत नाही. त्यातून उपयोगाचा माल काढायचा, आणि या कामात कचरावेचकांनाच सामील करून घ्यायचं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तरीही घरात दोन चांगले गॉगल पडले असतील तर तिसरा घेऊ नका, मग तो कशाचाही असो.

उरलेल्या दोन फ्रेमपैकी एक लेकीने जादाचा चष्मा म्हणून ठेवली आहे. पाचवीतली भाचीला देणार आहोत, तिला नुकताच नंबर लागलाय. काडी निखळलेली काकांनी ठेवून घेतली, तिचे स्क्रू आणि पॅड दुसऱ्या कुणाला तरी लागतील म्हणाले.

असे दुरुस्ती करून देणारे चष्मेवाले तुमच्या गावात असतील तर भाग आणि चौक खाली लिहा. पुण्याबाहेरचेही हवेत. नाशिकला माझी आई आहे, तिची काडी दोन महिने दोऱ्याने बांधलेली आहे.