फॉर्म संपलेत म्हणे

पत्ता बदलायचा होता. बस्स, एवढंच. घर बदललं, म्हणून बँकेत नवा पत्ता नोंदवायचा. पूर्वी याला एक फॉर्म, एक सही आणि एक शिक्का लागायचा. शिक्केवाला जेवायला गेला असेल तर वर अर्धा तास.

परवा गेले तर काचेपलीकडचा मुलगा मान वर न करता म्हणाला, "ते आता ॲपवरूनच होतं, काकू." म्हटलं, ॲप नाही माझ्याकडे, बटणांचा फोन आहे, तू आपला फॉर्म दे. "फॉर्म बंद झालेत." आणि पुढे त्याने काय करावं? शेजारच्या गठ्ठ्यातून एक छापील चिठ्ठी ओढली आणि माझ्या हातात ठेवली. चिठ्ठीवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन, खाली 'अधिक माहितीसाठी स्कॅन करा'. अहो, चिठ्ठी छापायला कागद आहे, शाई आहे, ती वाटायला पगारी माणूस आहे. फक्त त्याच कागदावर चार रकाने आखून त्याचा फॉर्म करता येत नाही!

माझं डोकं सणकलं ते इथे. लोक म्हणतात, मशीन आलं आणि माणसं गेली. कुठे गेली? माणूस तिथेच आहे की. खुर्ची आहे, काच आहे, काचेला बोलायला भोक आहे. त्याच्या हातातलं काम तेवढं काढून घेतलंय. दिवसभर त्याने एकच वाक्य म्हणायचं, 'ऑनलाइन करा'. मग एखादा पोपट ठेवा ना, सुट्ट्याही मागणार नाही.

आणि त्यानंतरचा तो प्रश्न. हमखास येतो. बँकेत, दवाखान्यात, तिकिटाच्या खिडकीवर, सगळीकडे तोच: "घरात कोणी लहान नाही का करून द्यायला?" बावन्न वर्षांची आहे मी. वीस वर्षं हिशेब लिहिले आहेत, तेही कॉम्प्युटरवर. मला येत नाही असं नाही, मला तो फोन सतत खिशात नको आहे, एवढंच. पण ते जाऊ दे. माझ्या जागी खरंच कोणी न येणारं असतं, तर? आपल्या खात्यात किती शिल्लक आहे ते त्या माणसाने शेजारच्या पोराकडून ऐकायचं? मागच्या वर्षी माझे तपासणीचे रिपोर्ट 'लिंकवर' आले. लिंक गेली भाचीच्या नंबरवर, कारण माझ्या फोनमध्ये ती उघडत नाही. म्हणजे माझ्या पोटात काय आहे ते माझ्याआधी तिने वाचलं. बिचारी इतकी घाबरली की 'मावशी, सगळं ठीक आहे' हे तिने तीनदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा सांगितल्यावर मीही घाबरले. छापील कागदाचं पाकीट असतं तर? चिकटवलेलं, वर माझं नाव. मी उघडलं असतं, मी ठरवलं असतं कोणाला सांगायचं ते.

एकीकडे आम्हाला बजावायचं की पासवर्ड कोणाला सांगू नका, ओटीपी कोणाला देऊ नका. आणि दुसरीकडे काम असं करून ठेवायचं की कोणाला तरी सांगितल्याशिवाय ते होणारच नाही. उद्या पैसे गेले की परत आमच्याच नावाने शंख. चोराच्या उलट्या बोंबा!

बरं, भाचीच्या लॅपटॉपवर बसलो शेवटी दोघी. नवा पत्ता भरला. मग म्हणे ओळखपत्राचा फोटो चढवा. चढवला. 'फाइल मोठी आहे.' लहान केली. 'फाइल अस्पष्ट आहे.' मग चित्रांचे नऊ चौकोन आले, यातले सिग्नल असलेले निवडा आणि तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. सिग्नलचा खांब म्हणजे सिग्नल धरायचा की नाही, यावर आमची दोघींची वादावादी. माणूस असल्याचा पुरावा मशीन मागतंय! आणि काचेमागे जो खराखुरा माणूस बसलाय, ज्याला मी समोर धडधडीत दिसते, तो मात्र काही करू शकत नाही. एवढं झाल्यावर ओटीपी, तो गेला माझ्या जुन्या नंबरवर, जो दोन वर्षांपूर्वी बंद झाला. नंबर बदला म्हटलं, तर त्यासाठीही जुन्या नंबरवरचा ओटीपी हवा. भाचीने कपाळावर हात मारला. तोवर 'वेळ संपली, पुन्हा सुरुवात करा'.

हेल्पलाइन? लावली ना. अकरा मिनिटं संगीत ऐकवून बाई म्हणाली, म्हणजे बाईचं रेकॉर्डिंग म्हणालं, की आमच्या वेबसाइटला भेट द्या.

कोणाच्या म्हशी कोणाला उठाबशी म्हणतात ते हेच. टायपिंग माझं, स्कॅनिंग माझं, प्रिंट माझी, चूक झाली तर तीही माझी. त्यांच्या कारकुनाचं सगळं काम मी फुकट करायचं, आणि वर त्याला 'तुमच्या सोयीसाठी' म्हणायचं. ही सोय ज्याने मागितली तो मला एकदा दाखवा. भीक नको पण कुत्रा आवर!

यावर लोक काय म्हणतात ते पाठ आहे मला. 'आता सगळेच ऑनलाइन आहेत, तुम्हीच राहिलात.' सगळे? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचाच २०२४ चा अंदाज होता की जगात सुमारे २६० कोटी माणसं इंटरनेटवर नाहीत. आणि ज्यांच्याकडे आहे त्यांतही किती जणांच्या बोटांना कंप आहे, किती जणांना ती बारीक अक्षरं दिसत नाहीत, त्याची मोजदाद वेगळीच. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात कार्लोस सान हुआन नावाचे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे निवृत्त डॉक्टर होते, त्यांना पार्किन्सन्स, म्हणजे हात कापण्याचा आजार. बँकांच्या याच छळाला कंटाळून त्यांनी २०२२ मध्ये सह्यांची मोहीम काढली, घोषणा होती 'मी म्हातारा आहे, मूर्ख नाही'. सहा लाखांवर सह्या जमल्या आणि बँकांना काउंटरच्या वेळा वाढवायचं कबूल करावं लागलं. (सह्या गोळा झाल्या ऑनलाइन, हा भाग मी हसून सोडून देते.) जिनिव्हात तर २०२३ मध्ये लोकांनी मतदान करून, चांगल्या ९४ टक्क्यांनी, इंटरनेटशिवाय जगण्याचा हक्क कँटनच्या, म्हणजे तिथल्या राज्याच्या, घटनेतच घातला. नॉर्वेने २०२४ मध्ये कायदा कडक केला, दुकानदाराला रोख पैसे नाकारता येऊ नयेत म्हणून. ही काही मागासलेली मंडळी नव्हेत. एप्रिल २०२५ मध्ये स्पेन-पोर्तुगालमध्ये वीज गेली, कार्डं चालेनात, तेव्हा ज्यांच्या खिशात नोटा होत्या त्यांचंच चाललं. तेव्हा कोणी त्यांना 'घरात कोणी लहान नाही का' विचारलं नसावं.

माझी मागणी काही मोठी नाही हो. तुमचं ॲप ठेवा, वापरा, लखलाभ. एक खिडकी, एक पेन, एक फॉर्म शिल्लक ठेवा. पेन मी माझं आणीन.

तर काल पुन्हा गेले. नंबर बदलायला स्वतः यावं लागेल असं कोणीतरी सांगितलं होतं म्हणून. आत शिरले तर शांतता, कॉम्प्युटरचे सगळे पडदे काळे. नेटवर्क गेलेलं. परत फिरणार, तेवढ्यात माझ्या पुढच्या गृहस्थांचा आवाज चढला, त्यांना कुठलीशी नोंद आजच करून हवी होती. साहेब बाहेर आले, काचेमागच्या त्याच मुलाच्या कानात काहीतरी बोलले. मुलाने खालचा खण ओढला. खणात गठ्ठा. पिवळसर पडलेले, चार रकान्यांचे, वर ठळक अक्षरांत 'पत्ता / दूरध्वनी क्रमांक बदल'.

"सिस्टिम डाउन आहे ना, म्हणून आज ऑफलाइन घेतोय," तो म्हणाला. माझ्याकडे बघून जरा चपापलाही.

सहा मिनिटं लागली. पत्ता आणि नंबर, दोन्ही. शिक्क्यासकट.

निघताना त्याच्याकडून चार कोरे फॉर्म मागून घेतले. "कशाला काकू?" म्हणाला. उत्तर दिलं नाही. कपाटात ठेवलेत, घडी न घालता. हे सगळं कागदावर लिहून दिलंय, भाची टाइप करते आहे, आणि मघापासून म्हणते आहे की मावशी, फॉर्मचा फोटो काढून ठेवू का?

अजिबात नाही.